छोट्या लाइनचं शेड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नकाशात पहूर शोधायचं म्हटलं तर दोन खुणा उपयोगी पडतात. एक म्हणजे जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता. दुसरी म्हणजे पाचोऱ्याहून निघून जामनेरला संपणारी रेल्वेची बारीक रेघ. या दोन खुणा जिथं एकमेकींना भेटतात, तिथं वाघूर नदीच्या काठी पेठ आणि कसबे असे दोन भाग मिळून आमचं पहूर वसलं आहे. रस्त्यावरची वर्दळ दिवसेंदिवस वाढते आहे. रेल्वेच्या रेघेवर मात्र मार्च २०२० मध्ये गाडी थांबली, ती पुन्हा सुटलीच नाही.

या गाडीविषयी आमच्याकडे किस्से पुष्कळ. ती किती हळू चालायची, कुणासाठी कशी थांबायची, तिच्याशी सायकलवाल्यांनी कशी शर्यत लावली, हे सांगताना म्हाताऱ्यांचे चेहरे अजून उजळतात. आज मला त्या किश्श्यांच्या मागच्या बाजूला जायचं आहे. शंभर वर्षं ही गाडी चालली, ती चालवली कुणी? चाक झिजलं, नळी फुटली, ब्रेक सैल झाला, तर इलाज कुठं होत होता? इंजिनाजवळ उभं राहून काढलेला फोटो अनेक घरांत सापडतो. इंजिन जिथं रात्री मुक्कामाला असायचं त्या शेडचा फोटो शोधून पाहा, सापडणं मुश्कील. आपल्या भागाच्या इतिहासातलं हे एक कोरं पान आहे.

पाचोरा-जामनेर लाइन १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली. लांबी सुमारे ५६ किलोमीटर. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी गावं घेत ती जामनेरला पोचायची. इंग्रजी अक्षरांवरून लोक तिला 'पीजे' म्हणू लागले आणि तेच नाव कायम झालं. मुंबईहून निघालेली जीआयपी कंपनीची मोठी लाइन १८६०च्या दशकातच खान्देशात आली होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद पडल्यामुळं इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज लागली आणि खान्देशच्या काळ्या मातीला भाव आला. पण मोठी लाइन पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी एका अंगानं निघून गेली. जामनेर-शेंदुर्णीच्या शेतकऱ्याचा कापूस बैलगाडीतूनच तिथवर जायचा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की बैलगाडीही थांबायची. ही दरी भरायला छोटी लाइन आली.

कापसाबरोबर माणसंही आली. शेंदुर्णीच्या त्रिविक्रम महाराजांच्या कार्तिकातल्या रथोत्सवाला जाणाऱ्यांची ही गाडी होती. आणखी एक गोष्ट आज फार थोड्यांना ठाऊक आहे. अजिंठ्याची लेणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती आणि आमचं पहूर इंग्रजी अमलाखालच्या पूर्व खान्देश जिल्ह्यात. लेणी पाहायला निघालेल्या प्रवाशाला जुनी मार्गदर्शक पुस्तकं सांगत, की पाचोऱ्याला गाडी बदला, पहूरला उतरा आणि तिथून फर्दापूरकडे चला. निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची जपणूक हाती घेतली, इटलीहून चित्रांची दुरुस्ती करणारे कारागीर आणले, तो हाच काळ. जगप्रसिद्ध चित्रांकडे जाणारी एक वाट आमच्या एवढ्याशा स्टेशनातून जात होती.

आता प्रश्न येतो, की ही लाइन छोटी का केली? मोठीच का नाही टाकली?

आपल्याकडच्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. पीजेचं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. याहूनही अरुंद, दोन फुटी लाइन माथेरानला आहे. रूळ जवळ आले की भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, वळणं आखूड घेता येतात. एवढं कुणाच्याही लक्षात येईल. पण नुसते रूळ जवळ आणले म्हणून रेल्वे स्वस्त होत नाही. तिचं एक वेगळं गणित असतं. हे गणित महाराष्ट्रातच, बार्शीच्या माळावर, एका इंजिनिअरनं नीट मांडून दाखवलं आणि मग जगानं ते पाहिलं. म्हणून पीजे समजून घ्यायची तर थोडा वेळ सोलापूर जिल्ह्यात जाऊन यावं लागेल.

त्या इंजिनिअरचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७ चा, इंग्लंडमधला. क्रू इथल्या रेल्वेच्या कारखान्यात शिकून १८८२ मध्ये तो जीआयपी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही त्या वेळची मोठी बाजारपेठ, पण मोठ्या लाइनपासून दूर पडलेली. कॅलथ्रॉपच्या मनानं घेतलं, की इथं अडीच फुटी लाइन टाकायची. बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ मध्ये उभी राहिली आणि १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी धावली.

त्याचं गणित असं होतं. रुळावर गाडीचं एकूण वजन किती आहे, याला फार महत्त्व नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो याला महत्त्व आहे. त्यानं ठरवलं, की इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. असं केलं की वाराला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा हलका रूळ पुरतो. तुलना करायची तर आज ब्रॉडगेजवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो आणि विजेच्या इंजिनाच्या एकेका आसावर वीस टनांहून जास्त भार येतो.

मग इंजिन ताकदवान कसं करायचं? वजन वाढवता येत नाही, तर ते वाटून द्यायचं. लीड्सच्या किट्सन कंपनीनं बार्शीसाठी जी पहिली इंजिनं बांधली त्यांना ओढणारी आठ चाकं होती आणि मागं आधाराची चार. एकूण सहा आस. प्रत्येकावर ठरलेलाच भार. मालडबे दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याचे, वजनाला हलके आणि पोटाला मोठे. हा सगळा सरंजाम इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून चालवून दाखवण्यात आला. छोट्या लाइनचं इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाचं खेळणं नव्हे, हे तिथं पाहणाऱ्यांना कळलं. ते दुसऱ्याच हिशेबानं जन्माला आलेलं यंत्र होतं.

बार्शीची ही लाइन पुढं पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. कॅलथ्रॉप वारला तेही १९२७ मध्येच. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरत नसत, तेव्हा वारकरी मालडब्यांतून पंढरपूरला जात. ज्या डब्यात काल कापूस किंवा धान्य होतं, त्यात आज टाळ-मृदंग. हलकी आणि साधी गाडी आपल्या मुलखाला कशी मानवली, याचा याहून चांगला दाखला मला सापडत नाही.

हे सगळं खरं असलं तरी छोट्या लाइनच्या जन्मातच एक दुखणं होतं. ते म्हणजे जोडाचं. पाचोऱ्याला छोट्या गाडीतून आलेली गाठोडी मोठ्या गाडीत चढवायची तर हमालांच्या पाठीवरूनच जायची. डबा रुळावरून रुळावर जाऊ शकत नव्हता. एकदा उतरवा, पुन्हा भरा. यात वेळ जायचा, पैसा जायचा, माल सांडायचा. जोवर बैलगाडीशी सामना होता, तोवर हे खपलं. ट्रक आले, जिनिंगच्या दारात माल भरून थेट मुंबईला जाऊ लागले, तेव्हा छोट्या लाइनचा माल हातचा गेला. उरले ते प्रवासी, आणि तेही कमी तिकिटात जाणारे. असे उतारू गोळा करून नफा होत नाही. देशभरातल्या छोट्या लाइनींची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे.

आता शेडकडे वळू.

वाफेचं इंजिन ही किल्ली फिरवली आणि निघालं अशी वस्तू नव्हती. सकाळच्या गाडीसाठी मध्यरात्रीनंतरच कुणीतरी उठायचं. आदल्या दिवशीची राख ओढून काढायची, जाळी मोकळी करायची, धूरपेटीतली काजळी खरवडायची. मग लाकडं, मग कोळसा, आणि वाफ धरेपर्यंत तासन् तास वाट. घाई केली तर तापलेला पत्रा एकीकडे फुगतो, दुसरीकडे थंड राहतो आणि सांधे गळू लागतात. इंजिन पेटवणाऱ्याला घड्याळापेक्षा धीर जास्त लागायचा.

दुसरी कटकट पाण्याची. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी जड. घरच्या पातेल्याच्या बुडाला जसा पांढरा थर धरतो, तसाच बॉयलरच्या आतल्या नळ्यांवर धरतो. थर वाढला की आगीची धग पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त जळतो आणि नळी तापून फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करून बॉयलर धुवायचा. त्याच्या पोटातली बुचं काढायची, जोराचं पाणी सोडायचं, सळईनं थर फोडायचा. प्रवाशाला यातलं काही दिसत नसे. त्याला दिसायची ती शिट्टी वाजवत आलेली गाडी.

तिसरी गोष्ट कानाची. तपासनीस हातोडी घेऊन गाडीच्या बाजूनं चालत जायचा आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. चाक धड असेल तर आवाज घंटेसारखा निघतो. तडा गेला असेल तर तो बद्द वाजतो. मी कवितेचा माणूस. ओळ कुठं अडखळते हे कानाला आधी कळतं, डोक्याला नंतर, हा अनुभव मला आहे. चाक ऐकणाऱ्याचा कान आणि ओळ ऐकणाऱ्याचा कान यांत मला फार अंतर वाटत नाही. फरक एवढाच, की त्याच्या कानावर गाडीभर माणसांचा जीव अवलंबून असायचा.

शेडमध्ये रोजची निगा व्हायची. मोठी दुरुस्ती म्हणजे इंजिन किंवा डबा पार सुटा करून, चाकं काढून, झिजलेल्या कडा लेथवर पुन्हा गोल करून, बेअरिंगात नवा धातू ओतून, सुतारकाम-रंगकाम करून परत जोडणं. त्यासाठी कारखाना लागतो. मध्य रेल्वेच्या छोट्या लाइनींसाठी हा कारखाना कुर्डुवाडीला होता, बार्शी लाइट रेल्वेनंच उभारलेला. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती कंपनी ताब्यात घेतली आणि कारखाना मध्य रेल्वेचा झाला. पीजेचे डबे, माथेरानचे डबे मोठ्या दुरुस्तीसाठी तिकडे जायचे. आपल्या रुळांवरून चालत जाणं त्यांना शक्यच नव्हतं. ब्रॉडगेजच्या सपाट वाघिणीवर चढवून, साखळदंडानं बांधून त्यांना नेलं जायचं. माहेरवाशिणीला गाडीत बसवून पाठवावं तसं.

पुढं एक विचित्र गोष्ट घडली. १९९२ पासून रेल्वेनं देशभर एकच गेज करण्याचं धोरण घेतलं. बार्शी लाइनही टप्प्याटप्प्यानं २०१०-११ पर्यंत ब्रॉडगेज झाली. कुर्डुवाडीच्या आसपास अडीच फुटी गाडी धावेनाशी झाली, पण अडीच फुटी आणि दोन फुटी डबे दुरुस्त करणारे हात तिथंच उरले. गाव उठून गेलं आणि वैद्य मागं राहिला, अशी ही अवस्था. पण त्या वैद्यामुळंच लांबच्या गावचे रोगी जगत राहिले.

माथेरानचं नाव निघालंच आहे तर त्याविषयी थोडं सांगतो. नेरळ-माथेरान लाइन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या ध्यासातून झाली. आदमजी पीरभॉय हे मुंबईतलं मोठं बोहरा घराणं. १९०४ मध्ये काम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी चढली. १६ लाख रुपये त्या घराण्यानं घातले. वीस फुटांवर एक फूट चढ आणि साठ फूट त्रिज्येची वळणं. अशा वळणावर ताठ आसाचं इंजिन अडकून बसेल. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीनं जी चार इंजिनं दिली, त्यांच्या टोकाच्या चाकांना पोकळ आस बसवले होते. आतला आस सरळ राहायचा, बाहेरची पोकळ नळी चाकांसकट थोडी इकडेतिकडे सरकायची. इंजिन वळणावर अंग मोडून वळायचं.

बार्शीचं इंजिन माळासाठी भार वाटून घेणारं, माथेरानचं डोंगरासाठी अंग वळवणारं. प्रत्येक छोटी लाइन आपल्या जमिनीप्रमाणं इंजिन मागून घेत होती. त्यामुळं एका लाइनीचा सुटा भाग दुसरीला सहसा चालायचा नाही. परदेशातली कंपनी बंद पडली की भाग मिळण्याची वाटच बंद. मग उरायचा तो शेडमधला लेथ आणि त्यावरचा माणूस. विदर्भातली शकुंतला तुम्हाला ठाऊक आहे, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं. त्याचं श्रेय मँचेस्टरला द्या, जरूर द्या. पण या सत्तर वर्षांत त्याच्या अंगावर किती नवे भाग इथल्या हातांनी घडवून चढवले, त्याची मोजदाद मँचेस्टरकडे नाही.

वाफ गेली आणि डिझेल आलं. डिझेल इंजिनांवर आपण इंग्रजी अक्षरं पाहतो. त्यातलं पहिलं अक्षर गेज सांगतं. ब्रॉडगेजला डब्ल्यू, मीटरगेजला वाय, अडीच फुटीला झेड आणि दोन फुटीला एन. दुसरं अक्षर डी, म्हणजे डिझेल. तिसरं एम, म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं. अडीच फुटी लाइनीसाठी झेडडीएम वर्गातली इंजिनं चित्तरंजनच्या आपल्याच कारखान्यात बांधली गेली. त्यांची रचना ऐकण्यासारखी आहे. इंजिन एक पात्यांचं चाक फिरवतं, ते चाक तेल घुसळतं, तेल समोरच्या दुसऱ्या चाकावर आदळतं आणि ते फिरू लागतं. मध्ये लोखंडाला लोखंडाची पक्की जोड नाही, तेलाचा मध्यस्थ आहे. त्यामुळं गाडी धक्का न खाता उचलते.

डिझेलमुळं राख गेली, मध्यरात्रीची आग गेली, बॉयलर धुणं गेलं. ते काम अंग मोडणारं आणि फुफ्फुसं काळी करणारं होतं, तेव्हा ते गेलं याचं दुःख करायचं कारण नाही. पण त्याबरोबर शेडमधली माणसंही कमी झाली, आणि माणसांबरोबर त्यांची भाषा.

घरात उर्दू, ओट्यावर तावडी आणि शाळेत पुस्तकी मराठी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला या भाषेचं फार अप्रूप वाटतं. शब्द पाहा. कारखाना फारसीतून आला. खलाशी आणि मुकादम अरबीतून फारसीच्या वाटेनं आले. जमादार, उस्ताद, शागीर्द फारसी. मिस्त्री पोर्तुगिजांकडून आला, चावी त्यांचीच, बंबही त्यांचाच. फिटर, बॉयलर, लेथ, शंटिंग इंग्रजी. आणि घण, ऐरण, भाता, सांडशी आपल्या गावच्या लोहाराची. स्लीपरचा सिलिपाट झाला, स्टेशनचं टेसन झालं. रूळ बदलणाऱ्याला पॉइंट्समन म्हणायचं सोडून लोकांनी सांधेवाला म्हटलं. दोन वाटा सांधतो तो सांधेवाला. इतका नेमका शब्द एखाद्या समितीला बसून सुचला असता का, मला शंका आहे.

एका इंजिनाखाली ही सगळी भाषा एकत्र नांदत होती. उस्ताद कोणत्या जातीचा, शागीर्द कोणत्या धर्माचा, हे घणाच्या ठोक्यात विचारायला वेळ नसे. दोघांचा ठोका एका तालात पडला नाही तर तापलेलं लोखंड वाया जायचं. भाईचाऱ्यावर व्याख्यानं देण्याची गरज तिथं कुणाला वाटली नाही.

आता आजचं बोलू. पीजे ब्रॉडगेज करून ती जामनेरच्या पुढं न्यायची, अशी रेल्वेची योजना आहे. एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर. ही लाइन झाली पाहिजे. छोटी गाडी छान होती म्हणून आमच्या मुलांनी कायम तिच्याच वेगानं जावं, असं म्हणणारा मी नाही. पाचोऱ्याला डबा न बदलता मुंबईला जाता आलं, कापूस-केळी थेट गेली, तर जोडाचं ते जुनं दुखणं संपेल. शंभर वर्षांपूर्वी छोटी लाइन ज्या कारणानं आली, त्याच कारणानं आता मोठी लाइन यावी.

पण एक गोष्ट मनात सलते. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला १९९९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा मानलं. पुढं निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका-शिमल्याला २००८ मध्ये तो मान मिळाला. दार्जिलिंगची इंजिनं ज्या तिनधरियाच्या कारखान्यात दुरुस्त होतात, त्याचंही नाव जगभर झालं. माथेरानची गाडी पुरानं, दरडींनी कितीदा थांबली, तरी पुन्हा उभी केली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती नेरळपासून वरपर्यंत पुन्हा सुरू झाली. तिच्या जुन्या चार इंजिनांपैकी एक तर इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी नेऊन जपलं. हे सारं चांगलंच झालं. मग बार्शी, शकुंतला, पीजे यांचं काय? डोंगर चढणारी गाडी वारसा ठरते आणि कपाशीतून जाणारी भंगार ठरते. ज्या गाडीत पर्यटक बसले ती जपली गेली. ज्या गाडीत बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं आणि मजूर बसले, ती जपावी असं फारसं कुणाला वाटलं नाही.

जपायचं म्हणजे सगळं जुनं तसंच ठेवायचं, असं नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये फेस्टिनिऑग नावाची दोन फुटी लाइन आहे, १८३६ ची, स्लेटचा दगड वाहण्यासाठी घातलेली. धंदा बसला, १९४६ मध्ये ती बंद पडली. १९५५ पासून स्वयंसेवकांनी ती तुकड्यातुकड्यानं पुन्हा चालू केली. त्यांनी केवळ इंजिनं पुसून काचेत ठेवली नाहीत. बोस्टन लॉज हा तिचा जुना कारखाना त्यांनी पुन्हा पेटवला, तरुणांना काम शिकवलं आणि आता तिथं नवी इंजिनंही बांधली जातात. कारखाना जगला म्हणून गाडी जगली.

आपल्याकडे एवढं मोठं काही होईल अशी स्वप्नं मी विकत नाही. माझी मागणी लहान आहे. ब्रॉडगेजची स्टेशनं बांधली जातील तेव्हा पाचोऱ्याला, पहूरला किंवा जामनेरला कुठंतरी एका छपराखाली छोट्या लाइनीचं एक इंजिन आणि एक डबा राहू द्या. त्याच्या शेजारी शेडमधली हत्यारं मांडा. चाक वाजवून पाहण्याची हातोडी, लहानमोठे पाने, कंदील, टोकन. त्यांच्याखाली नुसती नावं लिहू नका. ती कशी वापरायची तेही लिहा. येणाऱ्या पोराला एक धड चाक आणि एक तडा गेलेलं चाक स्वतःच्या हातानं वाजवून पाहू द्या.

आणि हे होईल तेव्हा होईल, त्याच्या आधीचं एक काम आपल्या हातात आहे. खान्देशात भुसावळपासून पाचोऱ्यापर्यंत रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. कुणी फिटर होतं, कुणी खलाशी, कुणी गँगमन, कुणी सांधेवाला. त्यांच्याजवळ बसा. नोकरीची तारीख विचारू नका, काम विचारा. थर कसा फोडायचा, बेअरिंग गरम झालं हे हात न लावता कसं ओळखायचं, कुठल्या भागाला तुम्ही काय म्हणत होतात. वहीत लिहून घ्या, मोबाइलवर आवाज भरून घ्या. मराठीच्या शिक्षकांनी, कॉलेजातल्या मुलांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत हे करायचं मनात आणलं तरी एक छोटा शब्दकोश तयार होईल. लोखंड गंजायला वेळ लागतो. माणूस गेला की त्याच्याजवळचे शब्द त्याच दिवशी जातात.

पीजेच्या जागी मोठी गाडी येईल तेव्हा तिचं स्वागत करायला मीही फलाटावर असेन. तिच्या इंजिनामागं कुठल्यातरी शेडमधले हात असतीलच. शंभर वर्षांनी कुणी त्या हातांचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला निदान एक वही मिळावी. ती वही आपण आपल्या छोट्या लाइनीपासून सुरू करू या.